वर्षातून तीनदा उघडणाऱ्या घरासाठी पाणी: बोअर, विहीर, पऱ्या की टाकी?

पाखाडीपार (धागाकर्ता)

नमस्कार. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अंदाजे तीन किलोमीटर आत, डोंगरउतारावरच्या एका वाडीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. जुने मातीचे घर मोडकळीस आल्यामुळे त्याच जोत्यावर चिऱ्यांचे नवे घर बांधून झाले आहे. छप्पर मात्र हौसेने मंगलोरी कौलांचेच ठेवले आहे. घर गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडते, एरवी कुलूप असते. मे महिन्यात आम्हा तिघा भावांच्या कुटुंबांतली मिळून सात-आठ माणसे साधारण वीस दिवस राहतात.

नळयोजनेचे पाणी उन्हाळ्यात दिवसाआड येते आणि आमच्या उंचीपर्यंत ते चढेलच असे नाही. घराच्या खाली चाळीसेक फुटांवर, आगरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, सामायिक विहीर आहे. सातबाऱ्यावर तिच्यात आमचा तिसरा हिस्सा लागलेला आहे. परंतु उरलेली दोन कुटुंबे बारमाही तिथे राहतात आणि सर्वस्वी तिच्यावरच अवलंबून आहेत. वरच्या अंगाला पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, आहे, तो फार तर शिमग्यापर्यंत वाहतो. एका बोअरवाल्याने येऊन जागा पाहिली आणि तीनशे फूट जावे लागेल असे सांगितले. पाणाड्याने हातावर नारळ उभा करून मागच्या अंगणातल्या फणसाजवळची जागा दाखवली. धाकट्या भावाचे म्हणणे आहे की बोअरची गाडी बोलवावी आणि विषय मिटवावा. खर्च थोडाथोडका नसल्यामुळे, आणि एकदा पाडलेले भोक परत बुजवून पैसे मिळत नसल्यामुळे, इथल्या जाणकारांना विचारून मगच ठरवावे असे मला वाटते.

कातळसडा

तीनशे फूट हा आकडा कोणत्या आधारावर काढला, हे त्या बोअरवाल्याला अवश्य विचारावे. बहुधा उत्तर मिळेल की शेजारच्या गावात तेवढ्यावर पाणी लागले होते. कोकणात एका बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे कोरडा धुरळा असा प्रकार नेहमीचा असल्यामुळे शेजारच्या गावाचा दाखला फारसा उपयोगाचा नाही.

आपल्या जमिनीखाली काय आहे ते थोडक्यात सांगतो. वर जांभा, म्हणजे ज्याचे चिरे कापतात तो लाल दगड, कुठे दहा मीटर तर कुठे वीस-पंचवीस मीटर जाडीचा. त्याच्याखाली शेडी, म्हणजे ती पांढरट-गुलाबी चिकट माती. आणि तिच्याखाली काळा कातळ. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभा भोकाभोकांचा असल्यामुळे ते पाणी तो झपाट्याने पितो. पण शेडी पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग ते पाणी शेडीच्या पाठीवरून आडवे सरकत उतारावर जिथे वाट मिळेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आपला पऱ्या आणि आगरातली विहीर ही दोन्ही त्याच पाण्याची तोंडे असावीत, असा वर्णनावरून माझा अंदाज आहे. पावसाळा संपल्यावर जांभा जितक्या वेगाने प्यायला तितक्याच वेगाने रिता होतो, म्हणून एवढ्या पावसाच्या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात.

बोअरवाला काय करणार, तर या वरच्या पाण्याच्या थरातून खाली जाणार, शेडी ढासळू नये म्हणून कातळापर्यंत केसिंग, म्हणजे भोकाला आतून पाइप, घालणार, म्हणजे जवळचे पाणी स्वतःच बंद करून टाकणार, आणि मग कातळातल्या भेगांत पाणी शोधणार. भेग लागली तर लागली. केसिंगमध्ये काटकसर केली तर शेडी आत येऊन पाणी दुधासारखे पांढरे येते आणि काही काळाने पंप अडकतो. बोअर कुठेच घेऊ नये असे मी म्हणत नाही, परंतु उतारावरच्या वाडीत तो पहिला उपाय नव्हे.

कायद्याची बाजूही पाहावी. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटले आहे आणि बोअरही त्यात येतो. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर किंवा बोअर घेता येत नाही. आपल्या नळयोजनेची विहीर किती अंतरावर आहे, हे गाडी बोलावण्याआधी मोजून घ्यावे. रत्नागिरीला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय आहे. तिथल्या भूवैज्ञानिकाचे मत नारळापेक्षा अधिक ग्राह्य धरावे, एवढेच नम्रपणे सुचवतो.

चाकरमानी_७२

पाणाड्यांच्या बाबतीत असहमत. आमच्या विहिरीची जागा नारळानेच दाखवली होती आणि तिला आजही पाणी आहे.

कातळसडा

असेल. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात, आगराच्या सखल भागात, पंधरा-वीस फूट खोदल्यावर पाणी लागण्यासाठी नारळाची गरज नव्हती, इतकेच माझे म्हणणे आहे. यावर स्वतंत्र धागा काढावा, इथे मूळ विषय भरकटेल.

आगरातली

माझे माहेर आणि सासर दोन्ही किनाऱ्याला लागून असल्यामुळे खाऱ्या पाण्याविषयी लिहिते. धागाकर्त्यांचे घर तीन किलोमीटर आत आणि उंचावर आहे, त्यामुळे त्यांना कदाचित हे लागू होणार नाही; पण अशी घरे बांधणारे पुष्कळजण पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, जवळ बांधतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

किनाऱ्यावरच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते, असा ढोबळ हिशोब आहे. हाच हिशोब उलटाही लागू पडतो. जोरदार पंप लावून ती पातळी एक मीटरने खाली आणली की खालचे खारे पाणी पुष्कळ वर सरकू लागते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या विहिरी चारी बाजूंनी समुद्र असूनही गोड्या आहेत, याचे आपण कौतुक करतो; त्यांतून पाणी पोहऱ्याने काढले जात होते, तीन अश्वशक्तीच्या मोटारीने नव्हे, हे मात्र विसरतो.

आमच्या आगरात जुनी माणसे विहीर खोल करू देत नसत. पाणी कमी पडले तर विहीर रुंद करा, खोल नको, असे ती सांगत. भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत घर असेल तर किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार भूजल उपशावर बंधने आहेत. स्थानिक वस्तीला स्वतःच्या वापरापुरती मोकळीक असते, हेही ध्यानात ठेवावे.

वाडीकर

मी अशाच एका वाडीत बारमाही राहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पाखाडीपार दादा, राग मानू नये.

आमच्याकडे मे महिन्यात विहीर रात्रभरात जेवढी भरते तेवढीच दिवसभर पुरवायची असते. पहाटे चार-पाच घरच्या बाया हंडे-कळशा घेऊन उतरतात, दुपारी विहीर तळाला टेकते, संध्याकाळी पुन्हा फूटभर वर येते. चाकरमानी आले की कोणाची तरी मोटार सकाळी सहालाच सुरू होते, वरची हजार लिटरची टाकी भरते, ती भरल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि टाकीतून वाहणारे पाणी अंगणात शिरत असताना खाली विहिरीत पोहरा दगडावर आपटत असतो. यावरून दोन घरांतले बोलणे बंद झाल्याचे मी पाहिले आहे. सातबाऱ्यावर तिसरा हिस्सा असणे आणि मे महिन्यात तिसरा हिस्सा उपसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विहिरीवर पंप बसवायचाच असेल तर आधी दोन्ही घरांशी बसून बोलावे, वेळ ठरवून घ्यावी, आणि शक्यतो पाणी एप्रिलच्या आधी उचलून साठवून ठेवावे. जानेवारीत विहीर भरलेली असते तेव्हा कोणाचीच हरकत नसते.

पाखाडीपार

वाडीकर, राग अजिबात नाही. हेच ऐकायचे होते. आमच्या खालच्या घरातल्या काकूंनी पंपाचे नाव काढल्यावर काही न बोलता विषय बदलला होता, त्याचा अर्थ आता लागतो आहे. कातळसडा आणि आगरातली, दोघांचेही आभार. मग पऱ्याचे पाणी पाइपने आणावे का? उतार चांगला आहे, विजेची गरजही लागणार नाही.

रहाटगाडगे

पऱ्याच्या पाइपाचा पुष्कळ अनुभव आमच्या घराला आहे. पूर्वी पोफळीच्या पन्हळी लावून पाणी घरापर्यंत येत असे. आता काळा पाइप आला. दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलोचा दाब मिळतो, त्यामुळे पाणी छान चढते. अडचणी निराळ्याच आहेत.

पहिली अडचण वणव्याची. माघ-फाल्गुनात सड्यावरचे गवत पेटले की उघडा पाइप जागोजाग वितळतो. म्हणून तो निदान हातभर तरी पुरावा, आणि जिथे कातळामुळे पुरता येत नाही तिथे दगड-मातीने झाकावा. दुसरी अडचण वानरांची. ती पाइपला लोंबकळतात, सांधे निखळतात. तिसरी अडचण पाइपात हवा अडकण्याची. वाटेत कुठे उंचवटा असेल तर तिथे हवा साठते आणि वर पाणी भरपूर असूनही खाली नळाला थेंब येत नाही. लोक पाइप चोंदला असे समजून तो कापत सुटतात. उंचवट्याच्या टोकाला एक छोटा टी (तिकटी जोड) बसवून त्यावर चावी (व्हॉल्व्ह) ठेवली, आणि पाणी सुरू करताना ती उघडली, की काम भागते.

चौथी आणि मुख्य अडचण अशी की आपला पऱ्या शिमग्यापर्यंतच वाहतो आणि आपल्याला पाणी मे महिन्यात हवे आहे. मधली जमीन कोणाची आहे, वनखात्याची तर नाही ना, हेही पाहावे लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट नेण्यास तहसीलदार परवानगी देऊ शकतात, परंतु ती तरतूद शेतीच्या सिंचनासाठी आहे, न्हाणीघरासाठी नाही.

पऱ्या घराच्या खालून वाहत असता तर हायड्रॉलिक रॅम सुचवला असता. दोन मीटर पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर त्यातले पाच-सहा टक्के पाणी वीस मीटर वर चढते, विजेवाचून, रात्रंदिवस. पण तोही पऱ्या आटला की गप्प.

जलरेषा

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात झाली, आता निवृत्त आहे. वरील सगळे प्रतिसाद वाचले. प्रत्येकजण पाणी कुठून आणावे याचा विचार करीत आहे. मला वाटते आधी पाणी किती लागते याचा हिशोब करावा.

आठ माणसे, माणशी रोज १०० लिटर, वीस दिवस: १६,००० लिटर. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी ५५ लिटर आहे, म्हणजे १०० लिटर ही चैनच झाली. शिमग्याला पऱ्या आणि विहीर दोन्हींना पाणी असते, गणपतीत तर आकाशातूनच पडत असते. म्हणजे आपला खरा प्रश्न वर्षाला सोळा ते वीस हजार लिटर पाण्याचा आहे, आणि तेही एका ठरावीक महिन्यातले. बारमाही घराला हा हिशोब लागू पडत नाही, कारण त्याला जानेवारी ते जून सतत पाणी हवे असते आणि तेवढी टाकी परवडत नाही. वर्षातून तीनदा उघडणाऱ्या घराला मात्र तो नेमका लागू पडतो.

आता छपराकडे पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपले छप्पर शंभर चौरस मीटर धरले आणि कौलांवर, पन्हळीत, उडण्यात वीस टक्के गेले असे मानले, तर तीन हजार मिलिमीटर पावसात त्यावरून २,४०,००० लिटर पाणी वाहून जाते. त्यातले वीस हजार अडवायला फक्त २५० मिलिमीटर पाऊस पुरे. रत्नागिरीकडे एकट्या जुलै महिन्यात त्याच्या कितीतरी पट पडतो.

वीस हजार लिटरची टाकी म्हणजे चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दोन मीटर खोल. ती जमिनीखाली आरसीसीमध्ये बांधावी. नुसत्या चिऱ्यांची बांधून आतून गिलावा केलेली टाकी गळते. कितीही चांगला गवंडी असला तरी चिऱ्याची भोके कुठेतरी दगा देतात. वर अंगण किंवा पडवी करता येते, जागा वाया जात नाही. पाणी वरच्या छोट्या टाकीत चढवायला अर्ध्या अश्वशक्तीचा पंप खूप झाला, कारण खोली दोन मीटर आहे. विहिरीतून उचलायचे तर पाण्यापासून पंप सात मीटरपेक्षा उंच ठेवता येत नाही, त्याहून वरून तो ओढत नाही. आपली विहीर चाळीस फूट खाली असल्याने पंप, वायर, पेटी सगळे आगरात न्यावे लागले असते.

भावाला सांगावे की बोअरसाठी बाजूला काढलेली रक्कम या टाकीत घालावी. बोअर कोरडा जाऊ शकतो, टाकी कोरडी जात नाही.

चाकरमानी_७२

सात-आठ महिने साठवलेले पाणी मे महिन्यात प्यायचे? किडे होणार नाहीत का?

जलरेषा

पाणी जुने होऊन खराब होत नाही. त्यात उजेड, पालापाचोळा आणि प्राणी गेले की खराब होते. किल्ल्यांवरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांवर माणसे उन्हाळा काढत होती, आणि त्यांतल्या पुष्कळ तर उघड्या होत्या. म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्यात. झाकण घट्ट, वर चढत्या काठाचे आणि कुलपाचे असावे, म्हणजे अंगणातले पाणी आत उतरणार नाही आणि उंदीर शिरणार नाहीत; कोकणात लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा) प्रादुर्भाव असल्यामुळे उंदरांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. हवेच्या आणि ओसंडण्याच्या पाइपाला बारीक जाळी असावी, नाहीतर डास आत जातात. आणि छपरावरून येणारे सुरुवातीचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

पहिल्या पावसाबरोबर कौलांवरची धूळ, पाने, वानरांची आणि पक्ष्यांची विष्ठा खाली येते. शहरात लोक त्यासाठी आपोआप पाणी सोडून देणारी यंत्रणा बसवतात. इथे मात्र टाकी वर्षातून एकदाच भरायची असल्यामुळे जून-जुलैचे पाणी तसेच वाहून जाऊ द्यावे आणि पाणी टाकीकडे वळवणारी चावी नंतर फिरवावी. तोपर्यंत कौले धुऊन स्वच्छ झालेली असतात. माझ्या मते गणपतीत घरात माणसे असतात तेव्हा टाकीत उतरून ती घासून धुवावी, आणि त्यानंतरच्या पावसावर भरावी. सप्टेंबरमध्ये रत्नागिरीकडे सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असतोच.

रहाटगाडगे

जलरेषा सर, एक शंका. गणपती दर वर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता आणि चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. त्यानंतर पाऊस किती राहिला असणार? सरासरीवर भरवसा ठेवून टाकी अर्धी राहिली तर मे महिन्यात कोणाकडे बघायचे?

जलरेषा

शंका रास्त आहे. ज्या वर्षी गणपतीच्या आधी अधिक महिना येतो, त्या वर्षी ऑगस्टमध्येच कोणाला तरी पाठवून किंवा वाडीतल्या माणसाला सांगून टाकी धुऊन चावी फिरवून घ्यावी. एरवीही टाकी पूर्ण भरली नाही तर जानेवारीत, विहीर भरलेली असताना, वाडीकरांनी सुचवल्याप्रमाणे शेजाऱ्यांच्या संमतीने उरलेली भरून घ्यावी. तेव्हा भाड्याच्या पंपावरही भागते.

अजून एक. टाकी जमिनीखाली असेल तर ती पावसाळ्यात रिकामी ठेवू नये. जमिनीत पाणी भरले की रिकामी टाकी तळाकडून उचलली जाते. प्लास्टिकच्या टाक्या तर खड्ड्यातून अक्षरशः वर आलेल्या मी पाहिल्या आहेत. आरसीसीची टाकी जड असते, तरीही जून-जुलैत तळाला निदान निम्मे पाणी राहू द्यावे, आणि धुण्यापुरते एखाद्या दिवशी काढावे.

आगरातली

अनुभवावरून सांगायचे तर टाकीइतकेच महत्त्व बंद घरातल्या बाकीच्या सामानाला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा आमच्या भागात छपरांवरच्या रिकाम्या काळ्या टाक्या उडून कोणाच्या तरी माडांत जाऊन पडल्या. भरलेल्या जागेवर राहिल्या. त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती, आणि ज्यांच्या विहिरीवर रहाट किंवा निदान कप्पी शाबूत होती त्यांच्याकडे बाकीचे पाणी न्यायला येत होते. म्हणून जमिनीतल्या टाकीवर एक साधा हातपंप बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन. वरची टाकी मे अखेरीस निघताना भरलेली आणि दोरखंडाने बांधलेली ठेवावी, घरातले नळ मात्र उघडून पाइप रिते करावेत.

पंपाच्या पेटीत पाली आणि मुंग्या शिरून स्टार्टर जळणे हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. पेटीच्या वायरींची भोके बुजवावीत. महिनोन्‌महिने बंद राहिलेला पंप अडकून बसतो, त्यासाठी महिन्यातून एकदा दोन मिनिटे तो चालवायला कोणालातरी सांगून ठेवावे, आणि त्या माणसाला रीतसर पैसे द्यावेत. 'जाता-येता बघ जरा' या बोलीवर काहीच बघितले जात नाही.

पाखाडीपार

जलरेषा सरांचा हिशोब भावाला वाचून दाखवला. त्याने आधी छप्पर मोजले. ते अंगणाकडच्या पडवीसह एकशे वीस चौरस मीटर भरते. बोअरचा विषय तूर्त मागे पडला आहे.

दोन प्रश्न उरतात. पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे कसे ठरवावे? आणि शौचालयाची टाकी घराच्या मागे आहे, पाण्याची टाकी कुठे घ्यावी?

कातळसडा

शौचालयाच्या टाकीपासून निदान पन्नास फूट अंतर ठेवावे, आणि पाण्याची टाकी उताराच्या वरच्या बाजूला घ्यावी. जांभ्यात पाणी भोकांतून वाट काढत सरळ जाते, मातीतल्यासारखे गाळले जात नाही, म्हणून पन्नास फूट हे किमान समजावे. आपली टाकी बंदिस्त असेल. पण खालची सामायिक विहीर बंदिस्त नाही, तेव्हा शौचालयाच्या टाकीचे पाणी कुठे मुरते, हे विहिरीच्या दृष्टीनेही एकदा तपासून पाहावे.

विहिरीचे पाणी वापरणार असाल तर आम्लतेकडे लक्ष द्यावे. जांभ्यातले पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, लोखंडी पाइप ते खाते. पाण्यात लोह असेल तर चहा काळपट होतो आणि पांढरे कपडे चार धुण्यांत पिवळे पडतात; प्रयोगशाळेच्या आधी स्वयंपाकघरच सांगते. त्यामुळे घरात लोखंडी नळवाट टाळावी.

जलरेषा

भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि क्लोराइड २५० पर्यंत असावे, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच आढळू नये. पावसाच्या पाण्यात क्षारांची चिंता नाही, जंतूंची आहे. नव्या सिमेंटच्या टाकीचे पाणी सुरुवातीला दोनदा भरून सोडून द्यावे, मग नमुना प्रयोगशाळेत द्यावा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक हवी आणि नमुना लगेच पोहोचवायला हवा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवसांनी नेलेल्या पाण्याच्या अहवालाला अर्थ नसतो.

मे महिन्यात घर उघडल्यावर टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालावी. चांगल्या पावडरीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे वीस हजार लिटरला ५० ग्रॅम. टाकी अर्धी असेल तर त्या मानाने. पावडर बादलीत कालवून, चुना तळाला बसू देऊन, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे, तासभर थांबावे, मग वापर सुरू करावा. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडे ओटीची (क्लोरीन तपासण्याच्या द्रावणाची) बाटली असते, तिचे थेंब टाकून पाणी पिवळसर झाले म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. गेल्या वर्षीची उघडी पुडी वापरू नये. कोकणातल्या दमट हवेत तिचा जोर केव्हाच गेलेला असतो. एवढे करूनही पिण्याचे पाणी उकळून घेतले तर माझी हरकत नाही.

वाडीकर

पाखाडीपार दादा, टाकी बांधायला घेण्याआधी एक काम येत्या मे महिन्यात करावे, खर्च काहीच नाही. सामायिक विहिरीची पातळी दोरीने रोज मोजून ठेवावी, आणि एकदा सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर ती फूटभर परत यायला किती वेळ लागतो ते पाहावे. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट म्हणजे सुमारे दोन हजार दोनशे लिटर पाणी. सहा तासांत फूटभर आले तर ताशी साडेतीनशेच्या वर झाले. चोवीस तासांत आले तर नव्वद. हा आकडा तिन्ही घरांना माहीत झाला की पुढची बोलणी सोपी होतात, कारण मग कोणी कोणावर संशय घेत नाही. तुमची टाकी भरलेली असेल त्या वर्षी खालच्या काकूंना चार कळशा द्यायलाही हरकत नसावी.

पाखाडीपार

मान्य. मोजणी मे महिन्यात करतो, तीही खालच्या दोन्ही घरांतल्या माणसांसोबत. टाकीचे खोदकाम पावसाआधी पूर्ण होणार नाही, म्हणून ते दिवाळीनंतर घेऊ, म्हणजे ओल उतरलेली असेल आणि पहिला पावसाळा टाकीला पुढच्या वर्षी मिळेल. यंदाच्या मे महिन्यासाठी जानेवारीत दोन हजार लिटरच्या दोन टाक्या पडवीत ठेवून, शेजाऱ्यांच्या परवानगीने विहिरीवरून भरून घ्याव्यात आणि उरलेले दिवस नळाच्या पाण्यावर काढावेत असा विचार आहे. अंगणात चिऱ्याचा थर किती खोल आहे हे पाहण्यासाठी आधी एक परीक्षण खड्डा घेतो; शेडी लागली तर इथेच विचारीन.

रहाटगाडगे

शेडी लागली तर खड्ड्याच्या कडा उभ्या ठेवू नका, तिरप्या कापा. ओली झाली की ती एका रात्रीत आत बसते. आणि निघालेली माती आगराच्या बाजूला टाकू नका, पहिल्या पावसात ती थेट विहिरीत जाईल.